भिंगाखालची ओळ

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कड, लाकडी मूठ आणि काठावर उडालेला एक टवका. मोठे करून दाखवणे एवढेच मला येते. खरे काय नि खोटे काय, यात मी नाक खुपसत नाही.

कारखान्यात माझी काच घासून घासून फुगीर केली गेली. मग एका घड्याळजींनी मला विकत घेतले. दुकानात माझा मोठा रुबाब होता. पुढे दुकान बंद झाले आणि माझ्या नशिबी खणातली धूळ आली. नजर अधू झाल्यावर घड्याळजींना माझी आठवण झाली, तीही बायबल वाचण्यापुरती. माझ्याखाली एका वेळी जेमतेम दीड ओळ मावते. त्यांना तेवढी पुरायची.

त्यांच्या नातीला दमा होता. सून तिला रोज औषध द्यायची. एकदा बाहेरगावचा एक उपदेशक येऊन आशीर्वादाचे तेल विकून गेला. मोठी बाटली दुप्पट किमतीची. औषध घेणे म्हणजे अविश्वास, असेही त्याने बजावले. घड्याळजींनी मोठी बाटली आणली आणि औषध कपाटात कुलूपबंद केले. सून चर्चमध्ये मुलांचा शनिवारचा वर्ग घ्यायची. "औषध घेतलं म्हणून देव रागावत नाही," असे तिने दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितले. हे कानावर येताच म्हातारा खवळला.

संध्याकाळी नातीची छाती घरघरू लागली. सुनेने किल्ली मागितली. घड्याळजींनी मला एका ओळीवर ठेवले.

"बघ, तुमच्यातही खोटे शिक्षक निघतील, असं लिहिलंय. तूच ती! उद्या सगळ्यांसमोर तुझा वर्ग बंद करायला सांगतो."

"चुकत असेन तर जरूर सांगा, बाबा. पण भिंग जरा खाली सरकवा. खोटं कुणाला म्हटलंय, ते पुढंच आहे."

"मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. तुम्हीच वाचा."

त्यांनी वाचले. लोभापायी बनावट गोष्टी सांगून लोकांना लुबाडणारे, असे तिथे होते.

"बायबलातलं हे पत्र ज्यांना लिहिलं, त्यांच्यात असली माणसं घुसत होती," सून म्हणाली. "आपल्याशी पटलं नाही की माणूस खोटा, असं यात कुठंय?"

घड्याळजींनी मला पुन्हा वर नेले, पुन्हा खाली आणले. पलीकडे नात बसून श्वास ओढत होती.

"मोठी बाटली घेतली गं मी," ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

औषध पोटात गेले. बऱ्याच वेळाने पोरीला झोप लागली.

मित्रांनो, मी काच आहे, मला रडू येत नाही. पण एक विनंती करते. मला एका ओळीवर दाबून धरून कुणावर बोट रोखू नका. वरचे वाचा, खालचे वाचा, ते कुणाला नि कशासाठी लिहिले तेही विचारा.

रविवारी घड्याळजी चर्चमध्ये उभे राहिले. माझ्यातून पाहत त्यांनी तो सगळा अध्याय अडखळत वाचला. लोक चुळबुळ करू लागले, तरी ते थांबले नाहीत. मग मान वर करून म्हणाले, "यातली एकच ओळ मी माझ्या सुनेवर रोखली होती. आणि नातीचं औषध माझ्या कपाटात होतं."