सुपातले बारा महिने

माझी आई कमळा पौषात गेली, आणि बाराव्याला हार घालायला तिचा एक धड फोटो घरात निघाला नाही. घरात फोटो काढणारी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आदलं अख्खं वर्ष, दोन हजार चार, मी शेलार गावातल्या आमच्या वाडीत कॅमेरा घेऊन बसले होते. भिवंडीतल्या एका कॅलेंडरवाल्याला बारा महिन्यांचे बारा फोटो हवे होते. अट एकच, फोटोत माणूस नको, नुसती फुलंपानं. मांडणी आईची. चैत्रात कैऱ्यांचा घोस, भाद्रपदात गौरीचा तेरडा, दसऱ्याला झेंडू आणि भाताच्या लोंब्या. सगळं वाडीतलं, तिच्या पाखडायच्या सुपात.

तेरडा काही उभा राहीना. आईने मागून हाताने धरला.

"हात काढ आई, फोटोत येतोय."

"तेरड्याचा रंग तीन दिवस. काड लवकर, मंग काडते हात," म्हणाली आणि हसली.

मी चिडले. हात काढायला लावला, मागे दगड टेकवला. दर महिन्याला हेच. ती पदर सावरून सावलीत जायची. कार्तिकात एकदाच म्हणाली, "माझा पन काड ना एक." रोल संपत आलाय, मी म्हटलं, नंतर काढू.

ती गेल्यावर सगळ्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. बारा महिन्यांत तिचं नखसुद्धा नव्हतं. काय बारकाईने काम केलं होतं मी!

लग्नातला फोटो पुरात भिजून केव्हाच गेला होता. उरलं मतदानाचं ओळखपत्र, त्यात डोळे अर्धे मिटलेले. बाबा तेच घेऊन माझे रोल धुणाऱ्या इम्रानभाईंच्या स्टुडिओत गेले. इम्रानभाईंनी जीव ओतून काम केलं. कॉम्प्युटरवर डोळे उघडले, चेहरा पैठणी नेसलेल्या एका बाईच्या अंगावर बसवला, गळ्यात सोनं घातलं. मागे माझाच तेरड्याचा फोटो लावला. आईने जन्मात पैठणी नेसली नव्हती. पण त्यांच्यावर कोणत्या तोंडाने चिडणार?

बाराव्याला तो फोटो पाटावर ठेवला होता, माणसं रांगेने फूल वाहून पाया पडत होती. ठमाबाईने तीस वर्षं आईच्या शेजारी भात लावला होता. ती फूल हातात धरून थांबली. वाकून फोटो नीट पाहिला.

"तोंड तिचंच हाय गो तुळजा," ती हळूच मला म्हणाली, "पन ही कमळा न्हाय."

"तीच हाय," बाबा घाईने म्हणाले. "वाहा फूल."

तिने वाहिलं. मग माझी पाळी आली. मी पाटापुढे डोकं टेकलं. मला माफी मागायची होती. पण जिची मागायची, ती त्या फोटोत नव्हती.