कल्हई उडालेला टोप

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात एक लहान वाडी आहे. तिथल्या देवळाच्या माळ्यावर मी राहतो. माझा मालक कोणी एक नाही, मी गावकीचा आहे. ज्याच्या घरी लग्न, त्याच्या दारात मला नेतात आणि पंगती उठल्या की घासून परत माळ्यावर ठेवतात.

महाडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. त्या ठोक्यांना मी कधी भ्यालो नाही. मला भीती वाटते ती माझ्या पोटाची. तांब्याचे आणि आंबटाचे जमत नाही. म्हणून माझ्या आत कथलाचा पांढुरका लेप देतात. त्याला कल्हई म्हणतात. ती गेली आणि कोणी माझ्यात ताक किंवा आमसूल घातले, की अन्न कळकते. त्याला हिरवट झाक येते, आणि खाणारा ओकून ओकून आडवा होतो. मला ओरडता येत नाही. जे ओताल ते मी नुसते धरून ठेवतो.

आमच्याकडे लग्ने वैशाखात होतात, कारण तेव्हा मुंबईची माणसे गावी येतात. म्हणून कल्हईवालाही चैत्रातच डोंगर चढून येतो. हिवाळ्यात सहसा कोणी लग्न धरत नाही.

पण यंदा महिपतच्या सारिकाचे लग्न मार्गशीर्षात ठरले. नवरामुलगा हर्षद दासगावचा, जहाजावर कामाला. त्याची सुटी तेव्हाचीच. देवळात बैठक बसली. लाकडे कोणी तोडायची, मांडव कोणी घालायचा, वीर स्टेशनावर उतरणाऱ्या पाहुण्यांना कोणी आणायचे, सगळे ठरले. महिपतची बायको ठमाबाई मागे बसली होती. तिने एवढेच विचारले, की टोपाची कल्हई कोणी बघितली का. पुरुष हसले. पोरीचा नवरा बघितला नाही एवढा टोप बघते, असे कोणीतरी म्हणाले. महिपतने मात्र माळ्यावर चढून माझ्या पोटात बॅटरी मारली.

"हाय गो, पांढरी हाय," तो वरूनच म्हणाला.

ते खरे होते. मीही निर्धास्त झालो.

मग मुंबईहून सारिकाचा भाऊ अनिल आला. त्याला केटरिंगवाला हवा होता. बापाने ऐकले नाही. तेव्हा निदान टोप तरी फोटोत बरा दिसू दे म्हणून त्याने ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि मला अंगणात घेतले. बाहेरून मी लखलखलो. मग तो आत वाकला.

"केवढा मळ साचलाय," असे म्हणून त्याने ब्रश आत घातला.

मित्रांनो, तो मळ नव्हता. माझी कल्हई करड्या धुळीसारखी उडून गेली. आतूनही मी लालभडक झालो. येणारा जाणारा माझे कौतुक करू लागला. इतके कौतुक माझे कधी झाले नव्हते आणि इतका मी कधी घाबरलो नव्हतो.

लग्नाच्या सकाळी बायकांनी कढीसाठी माझ्यात आमसुले भिजत घातली आणि त्या कांदे चिरायला गेल्या. पाणी लाल होत गेले. ते आंबट पाणी माझे उघडे अंग चाटत होते, आणि वाडीभरच्या लहान मुलांचे आवाज माझ्या कानावर येत होते.

चूल पेटवण्याआधी टोपाला हळदकुंकू लावायची रीत आहे. त्यासाठी ठमाबाई आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. माझी लाली तिला दिसली नाही. काठाला हळद लावताना तिची बोटे आतल्या पाण्यात बुडाली. ती तिने सवयीने नाकाशी नेली, तर त्यांना तांब्याचा वास येत होता.

तिने मला ढकलायला सुरुवात केली. एकटीला जमेना, तेव्हा तिने नवरीलाच हाक मारली.

"सारे, हात लाव गो. उपडा कर ह्याला."

अनिल धावत आला. "आये, काय करतेस? वऱ्हाड निघालंय दासगावहून."

ठमाबाई माझ्या काठाला धरूनच उभी राहिली. आवाज न चढवता ती बोलली.

"मला वाडीत कळकी का म्हणतात, कधी इचारलंस? माझं लगीन ह्याच दारात झालं. असंच थंडीचं. ह्याच टोपातली कढी कळकली. माझ्या माहेरची माणसं पायवाटेवर ओकत गेली. टोपाला कुणी काय बोललं नाय. नवरीच्या पायगुणानं झालं म्हणाले."

मग ती मुलीकडे वळली. "तुला दासगावात ते नाव नको."

हळदीच्या हातांनी सारिकाने मला जोर लावला आणि मी आडवा झालो. सारवलेल्या अंगणात लाल पाणी पसरले. तळाला राहिलेल्या ओघळाला हिरवट झाक होती. अनिलने ती बघितली. मग त्याने मोटारसायकल काढली आणि पोलादपुराहून स्टीलची भांडी आणली. पंगत उशिरा बसली. वऱ्हाडी कुरकुरले. पण जेवून सगळे आपल्या पायांनी घरी गेले.

मला माळ्यावर ठेवण्याआधी ठमाबाईने माझ्या पोटात पेंढा कोंबला आणि जुन्या लुगड्याच्या काठाने माझे तोंड बांधले. कल्हई झाल्याशिवाय कोणी सोडू नये म्हणून.

आता चैत्र लागला आहे. कल्हईवाला अजून डोंगर चढून आलेला नाही. उंदीर पेंढा ओढून नेतात. गाठ सैल होत चालली आहे. खाली देवळात पुन्हा कोणाच्या तरी लग्नाची बैठक बसली आहे, आणि बाहेरून मी अजूनही चमकतो आहे.

मित्रांनो, माझ्या चमकण्याला भुलू नका. मला चुलीवर चढवण्याआधी आत बघा. डोळ्यांना दिसत नसेल तर ओली बोटे फिरवून हुंगा. माझ्यापायी एका नवरीला ते नाव लागले. दुसरीला लागू देऊ नका.