कोठारातला झिपऱ्या

मित्रांनो, सिनेमा पडद्यावर सलग दिसतो, पण तो राहतो डब्यांत. माझा सिनेमा चौदा डब्यांचा होता. त्यातला नववा भाग म्हणजे मी, एक गुंडाळलेली फीत. माझ्या आधीचं आणि नंतरचं मला कधी दिसलं नाही. मला एवढंच माहीत होतं की माझ्या पोटात एक माणूस कोंडलेला आहे.

तो नट नव्हता. मुंबईच्या हॉटेलांत विजेची गिटार घेऊन रॉक गाणारा गायक होता. खांद्यापर्यंत केस, घोगरा आवाज. सिनेमात त्याला नायकाच्या मित्राचं लहानसं काम मिळालं होतं. जमीनदार त्याला धान्याच्या कोठारात कोंडतो. मग तो खिडकीच्या गजांमागून गातो, दारावर धडका देतो. शेवटी नायिका दबकत येते, कडीला हात लावते. तेवढ्यात कुणी तरी खाकरतं आणि ती हात काढून निघून जाते. दहाव्या भागात म्हणे सगळे लग्नाच्या तयारीला लागतात. त्याचं पुढं काय झालं ते सिनेमावाले सांगायचंच विसरले.

शहरांत आमचा सिनेमा पडला. म्हणून १९७४ साली आम्ही अमृतरावांच्या फिरत्या तंबूत आलो. तंबू कनेरगाव नाक्यापासून कुरुंद्यापर्यंत गावोगाव लागायचा. मशीन जळबा चालवायचा. त्याची बायको कमलबाई बायकांच्या कनातीपाशी बसायची आणि दुपारी, कुठं फीत तुटली असेल तर ब्लेडनं कड खरवडून जोडायची. तिचा हात हलका होता. तिनं जोडलेलं मला कधी टोचलं नाही.

पहिल्याच खेळाला नायिकेचा हात कडीवर गेला आणि कमलबाई उभी राहून ओरडली, "अगं बये, काढ की कडी! उपाशी हाय ते लेकरू!"

तंबू हसला. दुसऱ्या खेळाला दहा बाया ओरडल्या. कुरुंद्यात तर सगळा तंबूच ओरडला. पुढं माणसं बैलांच्या घुंगुरमाळा घेऊन यायला लागली. गाणं सुरू झालं की त्या वाजवायची. गायकाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला झिपऱ्या म्हणायचे. एकच सिनेमा लोक चार चारदा पाहायचे.

"अरे, फीत तीच हाय बाबा," जळबा सांगायचा.

"असू दे. एखाद्या दिशी उघडंल," लोक म्हणायचे.

पुढच्या वर्षी वैशाखात कमलबाईला ताप भरला आणि त्यातच ती गेली. दिवस झाल्यावर जळबा पुन्हा मशीनपाशी उभा राहिला. माझी पाळी आली. घुंगरं वाजली, तंबू ओरडला. जळबा कान देऊन ऐकत राहिला. मग त्यानं मशीनचा दिवाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला डब्यासकट कमलबाईच्या पत्र्याच्या पेटीत, तिच्या लुगड्यांखाली ठेवलं आणि कुलूप लावलं.

अमृतराव पेटीशेजारी उभे राहून ओरडले, "जळबा, नववा भाग कुठं हाय? लोकं कनात फाडून राहिले!"

"हरवला."

"तेरा डबे बराबर आन् एकच हरवला? त्याला काय पाय फुटले व्हय?"

आठव्यानंतर जळबा थेट दहावा भाग लावू लागला. मग पावसाळा आला, तंबू गुंडाळला गेला आणि जळबा पेटी घेऊन कुरुंद्याला घरी आला.

मित्रांनो, अंधाराचं मला भय नाही. माझं काम अंधारातच असतं. पण फितीला वारा लागतो. तिला उलगडावं लागतं, पुसावं लागतं. त्या पेटीत ओल शिरली. माझ्या वेढ्यांवर बुरशी धरली. बाहेरचे वेढे एकमेकांना चिकटले. माझ्या पोटात झिपऱ्या कोंडलेला आणि मी पेटीत. आणखी दोन महिने असेच गेले असते तर माझा एक गोळा झाला असता आणि त्याचं गाणं कायमचं संपलं असतं. मला ओरडता येत नव्हतं.

भाद्रपदात अहेव नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात आणि लुगडं देतात. जळबानं शेजारच्या जनकाबाईला बोलावलं. ती गावातल्या खेळाला नेहमी कमलबाईला खेटून बसायची. लुगडं काढायला पेटी उघडावीच लागली.

जनकाबाईनं लुगडं हातात घेतलं आणि नाक मुरडलं. "जळबा, ह्याला कुबट वास काहून येऊन राहिला?"

तिनं वाकून पेटीत हात घातला आणि मला बाहेर काढलं.

"आता गं बया! झिपऱ्या हितं हाय व्हय? आन् आमी गावभर बोंबलून राहिलो!"

जळबा खाली बसला. "जनकाबाई, समदे ओरडतात, आन् तिचा आवाज येत न्हाई. मला ऐकवत न्हाई."

जनकाबाईनं डबा त्याच्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "तिनंच तर आमाला ओरडायला शिकीवलं. ती असती तर पेटी फोडली असती, आन् तुला कोंडलं असतं तिच्यात."

जळबा रडला. मग त्यानं मला उन्हात नेलं.

एक एक वेढा त्यानं सोडवला. शेवटच्या खेळानंतर मला उलटं गुंडाळलेलं नव्हतं, म्हणून सगळ्यात बाहेर माझा शेवटचा तुकडा होता. तो हातातच फाटला. त्यावरची चित्रं निघून गेली. तो त्याला कापून टाकावा लागला. बाकीचा भाग त्यानं पुसला आणि जिथं तुटला तिथं स्वतः जोडला. त्याचा हात जड होता. मला फार टोचलं.

दसऱ्यानंतर कुरुंद्यात तंबू लागला. गाणं झालं. नायिका आली, तिचा हात कडीवर गेला आणि पडदा पांढरा झाला. तिचं परत जाणं कापलेल्या तुकड्यात होतं.

कुणी तरी ओरडलं, "उघडली!" घुंगरं वाजायला लागली ती थांबेचनात. जनकाबाई कनातीवरून ओरडली, "सुटला का रं, जळबा?"

"व्हय," जळबा म्हणाला. "सुटला."

मित्रांनो, माझा तुकडा गेला तो गेलाच. त्यातून बरं निघालं हे नशीब, पण नशिबावर विसंबू नका. गेलेल्या माणसाला आवडणारी वस्तू कुलपात घालू नका. ती पुसा, वापरा, चार लोकांत आणा. बंद पेटीत ती सडते, आणि मग त्या माणसाच्या लुगड्यालाही तिचाच वास लागतो.