हत्तिणीचं पुढचं चाक

संध्याकाळी दातांचा डॉक्टर हत्तीण बघायला येणार होता, म्हणून पिल्लू झोपल्या झोपल्या मी बादली आणि फडकी घेऊन गॅरेजमध्ये गेले.

हत्तीण म्हणजे माझी मोटरसायकल. लांब पल्ल्याची, रुंद टाकीची, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली. लग्नाआधीपासून माझी. पिल्लू पोटात आलं तेव्हा नवऱ्याने आणि त्याच्या भावाने तिला मेन स्टँडवर चढवलं आणि कव्हर घातलं. मागच्या आठवड्यात मी बाळंतपणानंतर पहिल्यांदा तिला स्टँडवरून उतरवायला गेले. नेहमीसारखं हँडल धरलं, कंबर लावली, पुढे झोका दिला. हलली नाही. पुन्हा दिला. ढिम्म. पोटावरच्या टाक्यांच्या जागी कळ आली तेव्हा सोडून दिलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले.

हे काम मी पूर्वी कुणाशी तरी बोलता बोलता करायचे. बाळंतपणात केस गेले, झोप गेली, ते हसून सोडून दिलं होतं. पण हेही गेलं म्हणजे मग माझं म्हणून उरलं काय? जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "विकून टाक ती." त्याच्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या या डॉक्टरला अशी गाडी कधीची हवी होती. बोलणं झालं, दिवस ठरला.

"विकायचीय की नटवायचीय?" सासूबाई दारात खुर्ची टाकून पिल्लाच्या झबल्यांच्या घड्या घालत होत्या.

"घाणेरडी कशी देऊ, आई?"

"घाणेरडी कुठे? सगळ्या पावसाळ्याचा चिखल झाला तरी तिच्यावर ठिपका सापडायचा नाही. दर सुट्टीला पाइप घेऊन इथेच असायचा तुझा नवरा. धुतली, पुसली, की लगेच कव्हर. धूळ बसायला नको म्हणे."

"मला कधी बोलला नाही."

"तू झोपलेली असायचीस. आणि तो कुठे काय बोलतो? लहानपणी पेन्सिलीसुद्धा धुवायचा."

मला हसू आलं. मी खाली वाकून पुढचं चाक पुसायला घेतलं. वरचा अर्धा भाग झाला. खालचा करायचा तर चाक फिरवायला हवं, आणि ते जमिनीला टेकलेलं. मेन स्टँडवर या गाडीचं मागचं चाक हवेत राहतं. पुढचं उचलायचं तर कुणीतरी मागे भार टाकावा लागतो.

"आई, जरा मागच्या सीटवर बसता?"

"कशाच्या?"

"हिच्या."

"मी? डोकं फिरलं का तुझं? पडले म्हणजे?"

"स्टँडवर आहे, पडत नाही."

"आणि कंबर कुठे मोडलीस विचारलं तर तुझ्या सासऱ्यांना काय सांगू?"

"सांगा, मोटरसायकलवर. महिनाभर मित्रांना सांगत फिरतील."

त्यांनी झबली खुर्चीवर ठेवली, स्टुलावर चढल्या, माझ्या डोक्याचा आधार घेतला आणि 'आई गं' करत बसल्या. मी म्हटलं, "आता मागे रेला." त्या रेलल्या. पुढचं चाक अलगद वर आलं.

"अगं अगं, चालली! चालली ना ही!"

"कुठे चाललीय? तशाच बसा."

मी चाकाला हात लावला. फिरेना. दोन्ही हातांनी धरलं, तरी फिरेना. जमिनीचा आधार नाही, गाडीचा भार नाही, हवेत लटकलेलं चाक. बोट लावलं तरी गरगरायला हवं होतं.

मी मोबाइलचा टॉर्च लावून आत बघितलं. ब्रेकची चकती विटेसारखी लाल झाली होती, आणि ब्रेकच्या पट्ट्या गंजाने तिला घट्ट धरून बसल्या होत्या.

"काय झालं गं? बोल की. मी वर लटकलेय."

"आई, कव्हर घालताना गाडी कोरडी असायची?"

"पुसायचा ना तो."

"वरून. इथे आत फडकं कसं जाणार?" माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "ओली गाडी झाकली की आत गंज धरतो. पुढचा ब्रेक चिकटलाय. मागच्या आठवड्यात मी ब्रेक दाबलेली गाडी ढकलत होते."

सासूबाईंनी वरूनच माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझं अंग ठीक आहे."

"ते अजून कळायचंय."

"मग कळव लवकर. मला पायाला मुंग्या आल्या."

रबरी हातोडीला फडकं गुंडाळलं, पिल्लू उठू नये म्हणून. पट्ट्या ज्यात बसतात त्या ब्रेकच्या साच्यावर बाजूने हळूहळू ठोके दिले आणि चाक पुढेमागे ओढत राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग कट्‌ आवाज झाला आणि चाक हातभर सरकलं. सासूबाईंना खाली उतरवलं. बोल्ट काढून साचा बाहेर घेतला, पट्ट्या घासल्या, चकती गंज जाईपर्यंत पुसली, सगळं परत बसवून बोल्ट आवळले. ब्रेकचा लिव्हर मऊ लागत होता, तो घट्ट लागेपर्यंत दाबत राहिले. सासूबाईंना पुन्हा चढवलं. या वेळी त्यांनी डोक्याचा आधार मागितला नाही. चाक फिरवलं, फिरलं. ब्रेक दाबला, थांबलं. सोडला, पुन्हा फिरलं.

त्या उतरल्या आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आता फक्त मी आणि ती. ब्रेक सुटला होता, पण मी? हँडल धरलं, कंबर लावली, श्वास घेतला, झोका दिला.

ती उतरली. एका झोक्यात. सगळं वजन कमरेवर आलं, ओळखीचं, आणि मी ते धरलं. दारापर्यंत नेली, परत आणली. पोटात कळ नाही, काही नाही. साइड स्टँड लावला आणि तिच्या टाकीवर डोकं टेकून हसत बसले. डोळे पुसायला हातात फक्त ग्रीसचं फडकं होतं.

आतून पिल्लू रडलं. सासूबाई त्याला घेऊन आल्या आणि माझं तोंड बघून म्हणाल्या, "आधी फोन कर, मग तोंड धू. बाळ घाबरेल."

मी नवऱ्याला फोन लावला. "डॉक्टरला नाही म्हणून सांग."

"का? काय झालं?"

सांगितलं. ब्रेक, गंज, ओलं कव्हर, सगळं.

"म्हणजे हे मी केलं," तो म्हणाला.

"तूच."

"तू इतके दिवस..." त्याने लांब श्वास सोडला. "बरं झालं. मीच होतो, तुझं अंग नव्हतं, ते बरं झालं."

"त्याला सांग," सासूबाई मागून ओरडल्या, "गाडी विकायची नाही. आईला मागची सीट आवडली."

"आई गाडीवर बसली?" तो दुकानात ओरडलाच असावा. मागे कुणीतरी गिऱ्हाईक हसलं.