शेवंताच्या बाळाची नाळ

"ताई, बाळाची नाळ परत द्या. गावाकडं नेऊन पुरायचीय."

प्रयोगशाळेच्या दारात शेवंता उभी होती. मागे तिचा नवरा, जवान कृष्णात, हातातली टोपी चुरगाळत होता.

अलकनंदा टेबलापासून उठून दाराशी आली. दिल्लीतल्या या इस्पितळातल्या प्रसूतीच्या वॉर्डातून संशोधनासाठी नाळा आणणं तिचं रोजचं काम. तिनं मराठीतून नाळ मागितली, तेव्हा परमुलखात आपली भाषा ऐकून शेवंता हरखून "न्या की!" म्हणाली होती. बाळ मात्र दोनच दिवस जगलं.

"नाळ राहिली नाही गं," अलकनंदा हळूच म्हणाली. "तिच्या रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं. त्याच्या पेशी आम्ही काढून घेतो. उरलेलं जाळून टाकतात."

"चल," कृष्णात म्हणाला. शेवंता हलली नाही.

"त्या पेशी कुठायत?"

अलकनंदानं तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पेशी वाढवायच्या पहिल्या चपट्या बशीत त्या विरळ होत्या, दुसरीत मात्र अंगणातल्या फरशीसारख्या एकमेकींना बिलगलेल्या.

"या दुसरीत हेपरिन नावाचं औषध घातलंय. पेशी वाढवणारं द्रव्य एकटं टिकत नाही, लगेच मोडतं. हेपरिन त्याला धरून ठेवतं."

शेवंतानं डोळा काढलाच नाही. "जित्या हायत?"

"हो."

"माझ्याच बाळाच्या?"

"तुझ्याच."

"मग ही बशीच द्या, ताई," कृष्णात पुढे होत म्हणाला.

"बाहेर नेली तर मरतील. इथे काही आठवडे जगतील."

शेवंतानं पदरानं डोळे पुसले. "राहू द्या मग. वाढत्यात तवर वाढू द्या."

त्या दिवशी बाकीच्या बशांतल्या पेशी मोजून टाकून देऊन झाल्या. "सर, ये एक रहने दीजिए," शेवंतानं पाहिलेली दुसरी बशी बाजूला ठेवत अलकनंदा म्हणाली. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर नरसिंहांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कारण विचारलं नाही. पुढे सुट्टीच्या दिवशीही नोएडाच्या घरून बस पकडून ती यायची, बशीतला जुना पोषक द्रव काढून ताजा, हेपरिन घातलेला घालायची. हळूहळू पेशी पसरट झाल्या, वाढायच्या थांबल्या आणि एका सकाळी तळापासून सुटून तरंगताना दिसल्या.

नियमाप्रमाणे तिनं बशी निर्जंतुक केली. तिच्यातल्या द्रवाचे उरलेले चार थेंब कापसावर टिपून घरी आणले.

तिची सोसायटी नवी होती, आवारातली माती अजून उघडीच. एका कोपऱ्यात तिनं हातानं खड्डा केला, कापूस ठेवला, माती लोटली.

"कौन-सा पौधा है जी?" शेजारीण बाल्कनीतून ओरडली.

अलकनंदानं मान वर केली. "शेवंता का."

"अच्छा! फूल कब आएँगे?"

अलकनंदानं मातीवरून तळहात फिरवला आणि तो तसाच तिथे ठेवून बसून राहिली.