दुआंगताची पाल

मेलेलं माणूस तुक्के होऊन घरी परततं, हे आमच्या मेकाँगकाठच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. तुक्के म्हणजे वीतभराहून लांब, निळसर अंगावर शेंदरी ठिपके असलेली पाल. स्वतःचंच नाव घेऊन ओरडते. फुवोंगची पहिली बायको दुआंगता बाळंतपणात गेली, मूल पोटातच राहिलं. महिन्याभरात घराच्या खांबावर ही पाल येऊन बसली. फुवोंगने तिला जाळीच्या पेटीत ठेवलं आणि पुढे माझ्याशी लग्न केलं. म्हणजे मला सवत मिळाली तीही चार पायांची.

तिला रोज ताजे नाकतोडे. वर मी वाढलेल्या ताटावर बसून फुवोंग म्हणायचा, "दुआंगताच्या हातची मिरचीची चटणी काय असायची!" मेलेल्या म्हशीला शेरभर दूध. मी ऐकून घ्यायची.

मला आठवा लागला आणि पेटीत चुळबूळ सुरू झाली. पाल भर दुपारी ओरडू लागली. आमच्यात हा अपशकुन. नाकतोड्यांना तोंड लावेना. जाळीवर घासून तिने नाक रक्ताळून घेतलं. पुन्हापुन्हा त्याच कोपऱ्यात जायची, पोट टेकून बघायची, परत फिरायची.

"तिला तुझं पोट बघवत नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "तिचं आतच राहिलं ना. मूल मागतेय ती."

"मागू दे. माझं मूल काय देवळातला प्रसाद आहे?"

म्हणाले खरी, पण त्या दिवसापासून मी पोटावर हात ठेवूनच वावरायला लागले.

एकदा पेटीमागून ऊन आलं, तेव्हा तिच्या पोटाच्या कातडीखाली दोन पांढरे गोळे दिसले. अंडी! मला हसू आलं आणि रडूही. मीसुद्धा तशीच फिरत होते की, कोपरे झाडत, चटया इकडच्या तिकडे करत. तिला अंडी चिकटवायला जागा हवी होती आणि जाळीवर ती चिकटणार कशी? मी पेटीत एक फळी उभी केली. सकाळी फळीवर दोन अंडी होती आणि पाल त्यांना अंगाखाली घेऊन गप्प बसली होती.

फुवोंगचा चेहरा मात्र उतरला. "पेटीत नर कधीच नव्हता गं," तो म्हणाला.

मी अंघोळीला गेले तेवढ्यात सासूबाईंनी सुरीने अंडी खरवडून नदीत टाकली.

"आई, काय केलंत हो हे!"

"भुताची अंडी घरात? तुझ्याच पोरासाठी केलं."

पाल त्या ओरखड्यांवर बसून राहिली. त्यानंतर तिने आवाज म्हणून काढला नाही.

मला मुलगी झाली. आमच्याकडे मूल पहिले तीन दिवस भुतांचं, मग माणसांचं. म्हणून बाळाला सुपात ठेवून विचारतात, हे कोणाचं? आईने बोलायचं नसतं. दुसऱ्या एखाद्या बाईने 'माझं' म्हणून त्याला विकत घ्यायचं, म्हणजे भुतांचा हक्क संपतो. पहिला जो बोलेल त्याचं मूल.

मी बाळंतिणीच्या रीतीप्रमाणे शेकोटीशेजारी पडले होते. सासूबाईंनी सूप हलवलं. "कोणाचं गं हे मूल? ज्याचं असेल त्याने घेऊन जा!"

शेजारच्या लामयाई काकी उत्तर देणार होत्या. पण त्या कमरेला खोचलेलं नाणं शोधत राहिल्या.

"तुक्के," पेटीतून आवाज आला.

मग काकी ओरडल्या, "माझं, माझं!" सूप सासूबाईंच्या हातून निसटायला लागलं, ते फुवोंगने धरलं. "बोलल्या ना काकी, झालं," तो म्हणाला. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

आता मुलगी दोन महिन्यांची आहे. माझ्या मांडीवर ती सतत चुळबुळते, मान वळवते, दूध तोंडातून सोडते. काल माझा धीर सुटला. मी तिला झोळीत ठेवलं, पेटीचं दार उघडलं आणि हात जोडले. "दुआंगता, बाई, तुझ्या अंड्यांना मी हात लावला नव्हता. जा आता, मोकळी हो."

ती बाहेर आली. दार, खिडकी, सगळं उघडं होतं. भिंतीवरून सावकाश चढली आणि झोळीच्या बरोबर वर येऊन थांबली.

मुलीची चुळबूळ थांबली. वर बघून ती खुदकन हसली.

माझ्याकडे बघून ती अजून एकदाही हसलेली नाही.