सोच-समझकर मत दो

चिऊचं लग्न झालं ते २०२३ साल. नात धारला नांदायला गेली आणि देवासच्या घरात मालन आणि गोपाळराव दोघंच उरली. जाण्याआधी चिऊने सत्तरीच्या आजीला अक्षरं शिकवली. पोरीची शाळा हिंदी, म्हणून आजीची अक्षरंही हिंदी पुस्तकातली.

गोपाळराव गणिताचे निवृत्त मास्तर. तीस वर्षांत त्यांनी मत दिलं नव्हतं. "लाखांत एकाने काय फरक पडतो? शहाण्याने उन्हात रांग लावू नये." मालन दर खेपेला एकटीच जाऊन अंगठा लावून यायची.

पुढच्या वर्षी लोकसभेच्या आधी शाळेची भिंत रंगली. मालनने बोट लावत लावत ती वाचली आणि घरी येऊन म्हणाली, "अहो, भिंतीवर लिहिलंय, सोच-समझकर मत दो. यंदा चला माझ्यासंगं. एकदाच."

गोपाळरावांना हसता हसता खोकला लागला. "अगं, हिंदीत 'मत' म्हणजे नको! सोच-समझकर, मत दो. विचार करणाऱ्याने देऊच नये. भिंतसुद्धा माझ्याच बाजूची!"

मालन पोळ्या लाटत राहिली. अक्षरं आली, पण या माणसाशी बोलायला ती पुरत नव्हती.

तेरा मेला ती एकटीच गेली. यादीत तिच्या नावाखाली रेघ पडली. वरचं गोपाळरावांचं नाव तसंच राहिलं. कारकुनाने वर न बघता शाईचा पॅड सरकवला. "अम्मा, अंगूठा."

"अंगूठा नको, भिया. पेन दे."

मा, ल, न. मागून कुणीतरी ओरडलं, "बाईजी, परीक्षा है क्या?"

"है ना. और मास्टर घर बैठा है."

रांग हसली. मालनही हसली, पण नजर दाराकडे गेलीच.

घरी गोपाळराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. तिचं शाईचं बोट त्यांनी हातात घेतलं.

"सही केलीस?"

"केली."

"ल नीट आला?"

"आला."

बोट त्यांनी सोडलं नाही. "फार वेळ लागला का गं?"

"एकटीला लागतोच."

"पुढच्या खेपेला येईन."

"पुढची खेप पाच वर्षांनी."

"गणित येतं मला," ते हळूच म्हणाले.

मालनच्या नखावरची शाई अजून निम्मी होती. गोपाळराव ९ जून २०२४ रोजी, रविवारी सकाळी वारले.